पाण्याखालचे २८ दिवस

सिमेंट वाळून घट्ट होतं, अशी आपल्यापैकी बहुतेकांची पक्की समजूत असते. गिलावा आधी ओला असतो, मग सुकतो, मग टणक होतो. डोळ्यांना दिसतं ते असंच. पण तोच गवंडी थापी धुऊन निघताना बजावतो, "रोज पाणी मारा, भिंत सुकू देऊ नका." वाळूनच घट्ट व्हायचं असेल तर वाळू का द्यायचं नाही? कारण सिमेंट पाणी खाऊन घट्ट होतं. सिमेंटच्या कणांशी पाण्याचा रासायनिक संयोग होतो, त्यातून नवे पदार्थ जन्मतात, त्यांचे सूक्ष्म तंतू आणि स्फटिक एकमेकांत गुंतत जातात आणि त्या गुंत्यालाच आपण बळकटी म्हणतो. पाणी संपलं की वाढ खुंटते. तेव्हा सिमेंटला सगळ्यांत मानवणारी जागा कोणती, तर थेट पाण्याखालची.

हा चमत्कार घरच्या घरी पाहायचा असेल, तर अमेरिकेतल्या ॲरिझोना, टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा फ्लोरिडा या राज्यांत जायला हवं. तिथे परसदारी स्विमिंग पूल असणं ही काही फार श्रीमंतीची खूण नाही. फिनिक्सच्या आसपास जुनं घर विकत घेतलं, की बऱ्याचदा पूलही आपसूक पदरात पडतो, आणि त्या भागातल्या कित्येक मराठी घरांना तो तसाच मिळालेला आहे. आपल्याकडे सोसायटीच्या तलावाला निळ्या टाइल्स असतात. तिथल्या बहुतेक घरगुती पूलना मात्र आतून गिलावाच असतो. पांढरं पोर्टलँड सिमेंट, संगमरवराची बारीक भुकटी आणि पाणी, एवढाच माल. थराची जाडी सव्वा सेंटिमीटरच्या आतबाहेर. दहाएक वर्षांत हा थर खरबरीत होतो, डागाळतो, कुठेकुठे सुटतो. मग पूल रिकामा करून जुना गिलावा फोडायचा आणि नवा चढवायचा. खर्च हजारो डॉलरांचा. आणि घरमालकाला वाटतं की गवंडी गेले म्हणजे काम झालं.

काम तेव्हा सुरू झालेलं असतं. नव्या गिलाव्याचे पहिले २८ दिवस त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरवतात, आणि त्या काळात गवंड्याची जागा पाणी घेतं.

गिलाव्याखालचा सांगाडा हीसुद्धा एक गंमतच आहे. लोखंडी सळ्यांच्या जाळीवर हवेच्या दाबाने काँक्रीट फवारून तो घडवतात. ही फवारणी शोधली कार्ल एकली नावाच्या माणसाने. तो इंजिनिअर नव्हता, मेलेल्या प्राण्यांची कातडी घडवलेल्या साच्यावर चढवून त्यांना जिवंत रूप देणारा कारागीर होता. शिकागोच्या फील्ड म्युझियमची तेव्हाची इमारत १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेली होती आणि तिच्या बाहेरच्या भिंतींचे पापुद्रे निघत होते. १९०७ च्या सुमारास एकलीने त्यावर उपाय म्हणून एक यंत्र बनवलं. नळीतून कोरडा माल हवेच्या झोताने पुढे यायचा आणि अगदी तोंडाशी त्याला पाणी भेटायचं. १९११ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि या पद्धतीने मारलेल्या मालाला पुढे 'गनाइट' हे व्यापारी नाव पडलं. याच एकलीने आफ्रिकेत अंगावर आलेल्या बिबट्याला नुसत्या हातांनी मारलं होतं. पूलच्या वळणदार भिंतींमागे असा माणूस उभा असेल, हे पोहणाऱ्याच्या स्वप्नातही येत नाही.

पूल रिकामा करणं हे वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. फ्लोरिडासारख्या ठिकाणी जमिनीतलं पाणी फार वर असतं. पूल भरलेला असताना आतल्या पाण्याचं वजन त्याला दाबून ठेवतं. रिकामा झाला की खालून वर रेटणारं भूजल अख्खा काँक्रीटचा सांगाडा जमिनीतून उचलू शकतं. हो, पूल अक्षरशः तरंगतो. म्हणून जाणता कंत्राटदार आधी तळाशी वाट मोकळी करून देतो, म्हणजे भूजल पूलला न उचलता आत शिरतं.

गिलावा चढवणं हे एका दमाचं काम असतं. सगळ्या भिंती आणि तळ एकाच दिवशी, मध्ये जोड न ठेवता. तळाला खिळे असलेले जोडे घालून गवंडी ओल्या मालावरच फिरतात आणि थापीने पुन्हा पुन्हा घोटतात. वारा आणि ऊन हे या दिवसाचे वैरी. माल वरून भराभर सुकला तर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उठतं. थंडीत काम लवकर आवरावं म्हणून मालात कॅल्शियम क्लोराइड घालतात. त्याचं प्रमाण सिमेंटच्या दोन टक्क्यांपुढे गेलं तर पांढऱ्या पृष्ठभागावर राखाडी ढग उमटतात आणि ते जात नाहीत.

आता पाणी सोडायचं. मध्यम आकाराच्या घरगुती पूलमध्ये साधारण ७५,००० लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे साडेसात टँकर म्हटलं की आपल्याला आकार कळतो. बागेच्या साध्या नळीने हे भरायला दिवस-दीड दिवस लागतो. नळी सगळ्यांत खोल जागी ठेवायची, तिच्या तोंडाला कापड गुंडाळायचं, कारण नुसत्या धारेनेही कोवळा गिलावा खरवडला जातो. आणि एकदा सुरू केलेलं पाणी वरच्या टाइल्सच्या पट्टीच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर थांबवायचं नाही. रात्री झोपायचंय म्हणून नळ बंद केला, तर पाण्याची पातळी जिथे थांबली तिथे कडेकडेने एक रेघ उमटते. रेघेखालचा गिलावा रात्रभर भिजला, वरचा हवेवर सुकला. दोघांची घडण वेगळी झाली. ती रेघ पुढे वर्षानुवर्षं दिसते. भरत असताना कुणी आत उतरायचं नाही, कुत्र्यालाही उतरू द्यायचं नाही.

खरी जादू यापुढे आहे. सिमेंट पाणी खातं तेव्हा दोन गोष्टी जन्मतात. एक म्हणजे कॅल्शियम आणि सिलिका यांचा चिकट, सूक्ष्म गुंता. सिमेंटचं बळ ते हेच. दुसरी म्हणजे चुना. विड्याच्या पानाला आपण बोटाने लावतो तोच विरलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. सिमेंटच्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतका चुना या प्रक्रियेतून तयार होतो. मी ढोबळ हिशेब मांडून पाहिला. पूलचा आतला पृष्ठभाग ९० चौरस मीटर धरला, तर गिलाव्यात सुमारे ८०० किलो सिमेंट असतं. ते पूर्ण मुरल्यावर चुना झाला दीडशे किलोंहून अधिक. हा चुना पाण्यात थोडा विरघळतो, लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. थोडा म्हटलं खरं, पण पाणी ७५,००० लिटर आहे! म्हणजे सव्वाशे किलो चुना पोटात घेण्याची त्या पाण्याची ताकद आहे. कुणी अडवलं नाही तर नव्याकोऱ्या गिलाव्यातला बहुतेक सगळा चुना हे पाणी हळूहळू ओढून घेईल आणि मागे उरेल छिद्राछिद्रांचा ठिसूळ थर.

अडवणारं कोण, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलंय. परीक्षानळीत चुन्याची निवळी घेऊन तीत फुंकर घातली की ती दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटतो आणि न विरघळणारी चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट, तयार होते. पूलमध्येही हेच घडतं, फक्त परीक्षानळी परसाएवढी असते. नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. गिलाव्यातून सुटलेला चुना त्याला गाठतो आणि पांढरीशुभ्र फक्की होऊन तळाशी बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक पाहतो तर निळं पाणी गढूळ आणि तळावर क्रिकेटच्या मैदानावर आखतात तशी पांढरी पूड. त्याला वाटतं गिलावा विरघळतोय, फसवणूक झाली. विरघळतोय हे खरं. फसवणूक मात्र झालेली नसते. प्रत्येक नवा गिलावा थोडाफार असाच वागतो.

शाळेतल्या प्रयोगाचा पुढचा अर्धा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. फुंकर घालतच राहिलात तर दुधाळ पाणी पुन्हा नितळ होतं! जास्तीचा कार्बन डायऑक्साइड पाणी आंबट करतो आणि तयार झालेली चुनखडी पुन्हा विरघळते. पूलच्या देखभालीचं अख्खं शास्त्र या दोन फुंकरींच्या मधल्या जागेत मावतं. पाणी असं हवं की चुन्याची चुनखडी व्हावी आणि ती तशीच टिकावी.

ती चुनखडी कुठे बसते, यावर सगळं अवलंबून आहे. पाण्यात तयार होऊन तळाशी बसली तर ती नुसती घाण. ती तिथेच पडून राहिली तर काही दिवसांत पृष्ठभागाला धरते आणि खरवडीसारखी खरबरीत साय होऊन बसते. पण गिलाव्याच्या अगदी तोंडाशी, छिद्रांच्या मुखात चुन्याची चुनखडी झाली, तर तिची पातळ, घट्ट त्वचा बनते आणि आतला चुना आतच राहतो. आठवडे उलटतात तशी ही त्वचा दाट होत जाते. पूलच्या मालकाने पहिल्या महिन्यात जे काही करायचं ते एवढ्यासाठीच: फक्की हलवत राहायची आणि त्वचा धरू द्यायची.

म्हणून घासायचं. पहिले दहा-चौदा दिवस दिवसातून दोनदा, लांब दांड्याच्या नायलॉनच्या ब्रशने, भिंतीवरून खाली आणि मग तळ. तारेचा ब्रश चालत नाही. तो कोवळ्या गिलाव्यावर ओरखडे पाडतो आणि तुटलेली तार गंजून डाग सोडते. घासून वर उठलेली फक्की फिरत्या पाण्याबरोबर गाळणीत जाते, त्यामुळे पंप दिवसरात्र चालू ठेवायचा आणि गाळणी वरचेवर धुवायची. हे कंटाळवाणं काम आहे, यात शंका नाही. खांदे भरून येतात. पण कोपरे, पायऱ्या आणि तळाची वळणं चुकवणाऱ्याचा पूल पुढे नेमका तिथेच खरबरीत निघतो.

घासण्याच्या जोडीने येतो सामू, म्हणजे पीएच. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा सामू १२.४ च्या घरात असतो. पूलच्या पाण्यात तो तितका चढत नाही, तरी पहिल्या दिवसांत आठाच्या, नवाच्या वर सहज उडी मारतो. ७.२ ते ७.६ हा हवाहवासा पट्टा. रोज तपासायचं आणि थोडं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्याला खाली आणायचं, ही चालत आलेली रीत. आम्ल पाण्यापेक्षा जड असतं. एका जागी ओतलं तर सरळ तळाशी जाऊन बसतं आणि संगमरवराची भुकटी, सिमेंट, जे सापडेल ते खातं. त्यामुळे बादलीभर पाण्यात पातळ करून, पंप चालू असताना, कडेने फिरत ओतायचं. आणि नेहमी आम्ल पाण्यात घालायचं. आम्लावर पाणी ओतायचं नाही, हा शाळेतला नियम इथे जिवाशी गाठ असलेला आहे.

यावर तिथल्या व्यवसायात दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांशी बरंच भांडतात. एक पंथ म्हणतो, आम्लाने सामू दाबून ठेवा, फक्की कमी दिसेल. दुसरा म्हणतो, पूल भरतानाच पाण्यात भरपूर खाण्याचा सोडा मिसळा. सोडा म्हणजे बायकार्बोनेट. पाण्यात तो मुबलक असला की चुना गिलाव्यातून बाहेर पडण्याआधीच, दारातच, त्याची चुनखडी होते. फक्की जवळपास दिसतच नाही आणि त्वचा लवकर धरते. दुसऱ्या पंथाचं म्हणणं मला अधिक पटतं. ज्या चुन्याला घरात ठेवायचं आहे त्याला आम्ल पाजून बाहेर बोलावण्यात फारसं शहाणपण दिसत नाही. मात्र सोड्याची रीत नीट मोजून करावी लागते आणि सामू हळूहळू, काही आठवड्यांनी खाली आणावा लागतो. अधीर माणसाचं ते काम नाही.

पाणी चुनखडी खाईल की थापेल, हे आधीच कसं ओळखायचं? त्याचं उत्तर पूलवाल्यांनी शोधलेलं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विल्फ्रेड लँजेलियर या प्राध्यापकाने १९३६ मध्ये ते मांडलं, आणि त्याच्या डोक्यात होते शहराला पाणी पुरवणारे लोखंडी नळ. नळाच्या आतून चुनखडीचा पातळ थर बसला तर नळ गंजत नाही. मग पाणी असं राखावं की तो थर बसेल पण नळ तुंबणार नाही. तापमान, सामू, कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि एकूण विरघळलेले क्षार एवढ्यांवरून त्याने एक निर्देशांक काढला. शून्य आला तर पाणी समाधानी. उणे आला तर पाणी भुकेलं, चुनखडी खाणारं. अधिक आला तर थापणारं. आज अमेरिकेतला पूल सांभाळणारा मुलगा मोबाइलवर हेच गणित करतो.

या गणिताने एक मोठी गंमत उलगडते. फिनिक्सला कोलोरॅडो आणि सॉल्ट या नद्यांचं पाणी येतं; वाळवंटातून आलेलं, क्षारांनी भरलेलं, जड. सॅन फ्रान्सिस्को आणि खालच्या पालो अल्टोला येतं 'हेच हेची' नावाच्या जलाशयाचं पाणी. सिएरा पर्वतातल्या ग्रॅनाइटवरून वाहत आलेलं वितळलेलं बर्फ, त्यात क्षार जवळपास नाहीतच. पिण्याला कोणतं गोड लागेल हे सांगायला नको. पण नव्या गिलाव्याला हे नितळ, गोड पाणी घातक. भुकेलं असल्यामुळे ते कॅल्शियम जिथून मिळेल तिथून ओढतं, आणि सगळ्यांत जवळ असतो कोवळा चुना. त्याच मालाचा, त्याच हातांचा गिलावा पालो अल्टोत विटू शकतो आणि फिनिक्सला ठणठणीत राहू शकतो. मऊ पाण्याच्या गावात म्हणूनच सुरुवातीलाच पाण्यात कॅल्शियम मिसळून त्याची भूक भागवतात. फिनिक्सची तक्रार पुढे सुरू होते. उन्हाने पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि टाइल्सवर पांढरी रेघ चढत जाते.

राहिली पथ्यं. पहिले दोन दिवस क्लोरीन घालायचं नाही. त्यानंतर घातलं तरी चढलेल्या सामूत ते निम्म्याहून अधिक निरुपयोगी असतं. जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल ७.५ ला निम्मं उरतं आणि ८.५ ला दहाव्या हिश्शावर येतं, म्हणजे सामू आवरला नाही तर पैसे पाण्यात. क्लोरीनच्या गोळ्या कधीही तळावर टाकायच्या नाहीत. त्या आंबट असतात आणि पडल्या जागी गिलावा खाऊन गोल वण ठेवतात. चाकांची सफाई यंत्रं २८ दिवस नकोत, कारण चाकांच्या वाटा उमटतात. मिठावर चालणारा पूल असेल तर मीठही २८ दिवसांनीच. पाणी तापवायचं यंत्र फक्की दिसेनाशी होईपर्यंत बंद. यामागेही एक उफराटं सत्य आहे: साखरमीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, चुना आणि चुनखडी कमी. म्हणून पाण्यातली चुनखडी सगळ्यांत आधी तापलेल्या नळ्यांत जाऊन बसते. पोहायचं केव्हा? पाणी संतुलित होऊन फक्की थांबली की. चढ्या सामूचं पाणी डोळ्यांना झोंबतं, कातडी सोलवटतं.

२८ च का, असं कुणी विचारेल. तो काही निसर्गाचा आकडा नाही. काँक्रीटचे ठोकळे २८ दिवस मुरवून त्यांची ताकद मोजायची, ही इंजिनिअरांची रूढी आहे; आपल्याकडच्या पुलांचं आणि इमारतींचं काँक्रीटही याच मुदतीवर जोखलं जातं. तोवर बहुतांश बळ आलेलं असतं, एवढंच. सिमेंटचे उरलेले कण त्यानंतरही महिनोन्महिने, थोडेथोडे का होईना, पाणी खात राहतात. तेव्हा पाचव्या वर्षी पोहणाऱ्याच्या पायाखालचा गिलावा हा गवंड्याने सोडून गेलेला गिलावा नसतो. त्यातला चुना, त्याची त्वचा, त्याची घनता बरीचशी पाण्याने घडवलेली असते.

आपल्या टाइल्सच्या तलावांनाही हे सगळं थोडक्यात लागू आहे, कारण टाइल्सच्या सांध्यांत भरलेला माल बहुधा सिमेंटचाच असतो. सांधे खडबडीत होऊन पायाला टोचू लागले, तर ठेकेदाराला दोष देण्याआधी सोसायटीने वर्षभराच्या पाण्याच्या नोंदी काढून पाहाव्यात. नोंदी सापडल्या तर.

आणि परदेशात तुमच्यापैकी कुणी पूलला नवा गिलावा करून घेणार असेल, तर कंत्राटदाराला रंग आणि भाव यांच्या आधी एक प्रश्न विचारा: पाणी भरल्यापासून २८ दिवस रोज सामू कोण तपासणार आणि ब्रश कोण मारणार? उत्तर करारात लिहून घ्या. ते काम तुमच्याच गळ्यात पडणार असेल, तर सुट्टीवर जाण्याच्या तोंडावर गिलावा करू नका.